परहस्तगत : एका जर्मन मोटारीची कुळकथा

मार्च २०१२ मध्यें जर्मनींतील एसेन शहरीं जुन्या मोटारगाड्यांचें वार्षिक प्रदर्शन भरलें होतें. या जातीच्या प्रदर्शनांत तें जगांतील फार मोठें गणलें जातें. सामान्य माणसें तेथें गाड्या पाहावयास जातात, धनिक लोक त्या विकत घ्यावयास जातात. त्या वर्षीं मात्र तेथें तिसऱ्याच कामासाठीं कांहीं मंडळी आली. १९३५ सालीं बनलेली मर्सिडीझ-बेंझ '५००-के' जातीची एक उघडी दोन आसनी गाडी तेथें मांडलेली होती. ती सरकारी अंमलदारांनीं जप्त केली. ज्या डच संग्राहकानें ती विकत घेतली होती त्यानें ती चोरलेली नव्हती. अवघ्या सात महिन्यांपूर्वीं, ऑगस्ट २०११ मध्यें, कॅलिफोर्नियांतील मॉंटरे येथें जाहीर लिलावांत शेंकडों लोकांदेखत सुमारें ३८ लक्ष डॉलर मोजून ती घेण्यांत आली होती. दावा सांगणारे होते प्रिम नांवाच्या घराण्याचे वारस. त्यांचें म्हणणें थोडक्यांत इतकेंच होतें कीं, १९४५ सालीं अमेरिकन सैनिकांनीं ही गाडी आमच्या घरून नेली. आम्हीं ती कोणास विकली नाहीं, कोणास बक्षीस दिली नाहीं. तस्मात् ती अद्यापि आमचीच आहे. सदुसष्ट वर्षांनंतर उभा राहिलेला हा दावा जर्मन न्यायालयानें मान्य केला.

एका मोटारीसाठीं एवढा खटाटोप कां व्हावा असें वाचकांस वाटेल. लोखंड, पितळ, कातडें आणि थोडेंसें लांकूड, याहून त्या गाडीत अधिक कांहीं नाहीं. परंतु तिची जात समजल्याशिवाय तिच्या मालकीचा तंटा समजावयाचा नाहीं; म्हणून आधीं कुळकथा सांगतों व मग खटल्याकडे वळतों.

मोटारीच्या एंजिनाची शक्ति त्यांत एका वेळीं किती पेट्रोल जळूं शकतें यावर अवलंबून असते, आणि पेट्रोल किती जळेल हें त्यास किती हवा मिळते यावर. विमान उंच गेलें कीं भोंवतालची हवा विरळ होते व एंजिनाचा जणूं दम कोंडतो. पहिल्या महायुद्धांत डाइमलर कारखान्याच्या इंजिनियरांनीं यावर उपाय म्हणून हवा दाबून एंजिनांत घालणारें यंत्र विमानांवर वापरून पाहिलें. इंग्रज त्यास सुपरचार्जर म्हणतात, जर्मन लोक कॉम्प्रेसर म्हणतात. आपण त्यास भाता म्हणूं, कारण काम लोहाराच्या भात्याचेंच आहे. युद्ध संपलें, तहान्वयें जर्मनीस विमानें बांधण्याची बंदी झाली, आणि विमानासाठीं शिकलेली विद्या रस्त्यावर उतरली. १९२१ च्या बर्लिन येथील प्रदर्शनांत डाइमलरनें भाता जोडलेल्या गाड्या गिऱ्हाइकांपुढें मांडल्या. १९२४ मध्यें सिसिलीच्या डोंगरांतील 'तार्गा फ्लोरिओ' शर्यत क्रिस्तियान वेर्नेर यानें अशाच भात्याच्या गाडीत बसून जिंकली. फर्डिनांड पोर्शे त्या वेळीं या कारखान्याचे मुख्य इंजिनियर होते. १९२६ मध्यें डाइमलर व बेंझ हीं दोन जुनीं प्रतिस्पर्धी घराणीं एक झालीं, आणि पुढल्याच वर्षीं ज्या गाडीनें या वंशाचें नांव गाजविलें ती 'एस' गाडी बाहेर पडली. १९२७ च्या जून महिन्यांत न्यूरबुर्गरिंग या नव्या शर्यतमार्गाचें उद्‌घाटन झालें. तेथली पहिली शर्यत रुडॉल्फ काराच्चिओला यानें याच गाडीत जिंकली.

मर्सिडीझचा भाता अखंड चालत नसे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. चालकानें पायाखालची पट्टी अगदीं तळाला टेकविली म्हणजेच तो एंजिनाशीं जोडला जाई, आणि कार्ब्युरेटरमध्यें दाबलेली हवा शिरूं लागे. त्या क्षणीं गाडीच्या तोंडांतून एक उंच, कर्कश किंकाळी निघे. शर्यती पाहणाऱ्या लोकांस ती मैलभर अलीकडून ऐकूं येई असें सांगतात. भाता थोडाच वेळ वापरावा, नाहींतर एंजिनास इजा होईल, अशी कारखान्याची ताकीद असे. गाडीच्या नांवापुढें तीन आंकडे लिहिण्याची जर्मन रीत यामुळेंच पडली. 'एसएसके' गाडीचे आंकडे २७/१७०/२२५ असे होते. पहिला आंकडा कर आकारण्यासाठीं सरकारनें ठरविलेल्या अश्वशक्तीचा, दुसरा भात्यावांचूनच्या खऱ्या शक्तीचा आणि तिसरा भाता फुंकूं लागल्यावरच्या शक्तीचा. सरकारास सत्तावीस सांगावयाचे आणि रस्त्यावर सव्वादोनशें दाखवावयाचे, हा व्यवहार आपल्याकडील व्यापाऱ्यांस परका वाटूं नये!

या 'एस' घराण्यांत पुढें 'एसएस', 'एसएसके' आणि 'एसएसकेएल' अशा शाखा फुटल्या. 'के' म्हणजे जर्मन भाषेंत 'कुर्त्झ', आंखूड. 'एल' म्हणजे 'लाइख्त', हलकी. सात लिटरांहून मोठें एंजिन, चाकांमधलें अंतर साडेसतरा इंचांहून अधिक कमी केलेलें, असें हें 'एसएसके' नांवाचें दांडगें जनावर उण्यापुऱ्या तीसपस्तीस नगांपेक्षां अधिक बनलें नाहीं. मालकीच्या दृष्टीनें या गाड्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९३० च्या अखेरीस जागतिक मंदीमुळें कारखान्यानें शर्यतींतून अंग काढून घेतलें. तेव्हां संघाचा व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यानें एक तोड काढली : काराच्चिओलानें 'एसएसकेएल' गाडी सवलतीच्या किंमतीस स्वतः विकत घ्यावी, कारखान्यानें मेकॅनिक व साहाय्य पुरवावें, आणि बक्षिसें वांटून घ्यावींत. म्हणजे कागदोपत्रीं गाडी चालकाची, आणि वस्तुतः अर्धी कारखान्याची. या अर्ध्या मालकीच्या गाडीनें १९३१ च्या एप्रिलमध्यें इटलीची 'मिल्ले मील्या' ही हजार मैलांची शर्यत ताशीं १०१ किलोमीटरांच्या सरासरीनें जिंकली. इटालियन नसलेल्या माणसानें ती जिंकण्याचा हा पहिलाच प्रसंग. पुढच्या वर्षीं मान्फ्रेड फोन ब्राउखिच या तरुण सरदारपुत्रानें आपल्या खाजगी 'एसएसकेएल'वर माशासारखा गोल निमुळता पत्रा चढवून घेतला व बर्लिनच्या आवूस मार्गावर खुद्द काराच्चिओलास हरविलें. पाहणाऱ्या लोकांनीं त्या गाडीस 'काकडी' असें नांव ठेविलें होतें.

आणखी दोन मालक येथें सांगण्यासारखे आहेत. इटालियन काउंट कार्लो फेलिचे त्रोस्सी हा स्वतः चांगला शर्यतपटु. त्याच्या 'एसएसके'ला त्याच्याच कल्पनेप्रमाणें काळी, लांब, पाण्याच्या थेंबासारखी काया मिळाली. ती गाडी पुढें अमेरिकन पोषाख-व्यापारी राल्फ लॉरेन यांच्या संग्रहांत गेली आणि १९९३ मध्यें कॅलिफोर्नियांतील पेबल बीचच्या स्पर्धेंत सर्वश्रेष्ठ ठरली. दुसरा मालक एक इंग्रज गृहस्थ. त्यानें १९४१ मध्यें, लंडनवर बाँब पडत असतां, ४०० पौंडांस एक 'एसएसके' घेतली. शत्रूच्या देशांत बनलेली, पेट्रोल बेसुमार पिणारी ती गाडी, आणि पेट्रोल तर मोजून मिळत होतें! तेव्हां त्याला लोकांनीं वेड्यांत काढलें असल्यास नवल नाहीं. त्यानें ती त्रेसष्ट वर्षें, मरेपर्यंत, सोडली नाहीं. त्याच्या पश्चात् २००४ च्या सप्टेंबरांत ती गुडवुड येथें ४१ लक्ष पौंडांहून अधिक किंमतीस विकली गेली. एकच मालक, एकच घर, पावतीपासून मृत्युपत्रापर्यंत अखंड कागद : अशा गाडीस दावेदार उत्पन्न होत नाहींत.

परंतु अशा गाड्या थोड्या. 'एस' व 'एसएस' यांचा सांगाडा कापून आंखूड केला कीं वरवर पाहणारास ती 'एसएसके'च वाटते. आणि दोहोंच्या किंमतींत जमीनअस्मानाचें अंतर असल्यानें सांगाडे कापणारे कारागीर कोठें ना कोठें मिळतातच. एका फुटलेल्या गाडीचें एंजिन एकानें न्यावें, सांगाडा दुसऱ्यानें, आणि दोघांनींही आपलीच गाडी मूळची म्हणून मिरवावी, असेंही घडतें. म्हणून या क्षेत्रांत गाडीपेक्षां गाडीचे कागद अधिक बोलतात. सांगाड्याचा क्रमांक, एंजिनाचा क्रमांक, कारखान्याच्या वहींतील नोंद, पहिल्या गिऱ्हाइकाचें नांव, या सर्वांची सांखळी जुळली तर वस्तु खरी. आपल्याकडे वतनाच्या तंट्यांत सनदा, महजर आणि निवाडापत्रें यांचें जें स्थान, तेंच येथें या कागदांचें.

आतां मूळ विषयाकडे येऊं. १९३३ मध्यें 'एसएसके'चे दिवस संपले होते. ती गाडी शूर होती, पण राकट होती. तिच्यांत बसून दूरच्या प्रवासास जाणें ही एक शिक्षा होती. नव्या गिऱ्हाइकांस वेग हवा होता, पण त्यासोबत ऊबही हवी होती. १९३४ मध्यें आलेल्या '५००-के' गाडीनें तें साधलें. येथल्या 'के'चा अर्थ 'आंखूड' नव्हे, 'कॉम्प्रेसर'. या एका अक्षरानें बऱ्याच जाणकारांसही फसविलें आहे. आठ नळकांड्यांचें पांच लिटरांचें एंजिन. भात्यावांचून शंभर अश्वशक्ति, भात्यासह एकशें साठ. चारही चाकें स्वतंत्रपणें खालींवर होणारीं, त्यामुळें खडबडीत रस्त्यावरही आंतील माणसास धक्के कमी. वरचा पत्रा, कातडी गाद्या, शिंपल्याच्या तेजाची तबकडी वगैरे काम झिंडेलफिंगेनच्या कारखान्यांत हातानें होई. सर्व नमुने मिळून ३४२ गाड्या बनल्या. त्यांत उघड्या दोन आसनी गाड्या फारच थोड्या. किंमत वीस हजार मार्कांच्या पुढें. त्या काळीं जर्मन कामगाराची सरासरी वार्षिक कमाई दोन हजार मार्कांच्या आंतच होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे ती गाडी कोणासाठीं होती हें निराळें सांगावयास नको.

तशा एका गाडीचा पहिला मालक हान्स फ्रीडरिश प्रिम. आखेनजवळचें श्टोलबर्ग हें गांव पितळेच्या धंद्यासाठीं शतकानुशतकें प्रसिद्ध. प्रिम हें तेथलें जुनें कारखानदार घराणें; आपल्या धंद्याचा उगम तें १५३० पर्यंत नेतें आणि जर्मनींतील अत्यंत जुन्या कौटुंबिक कारखान्यांत त्याची गणना होते. टांचण्या, आंकडे, बटणें हा त्यांचा माल. आपल्या घरांत पोलक्यांस जीं टिचबटणें लावतात, त्यांतील बारीक स्प्रिंग हान्स प्रिम या नांवानें १९०३ मध्यें नोंदविली गेली आणि त्या एवढ्याशा तारेनें घराण्याचें नांव सर्व जगांत नेलें. जगांतल्या कोट्यवधि पोलक्यांवरील पैपैचा नफा गोळा होऊन त्याची एक मोटार व्हावी, यांत मला तरी एक प्रकारची गंमत वाटते.

गाडी आली तें वर्ष १९३५. त्याच वर्षीं न्यूरेंबर्गचे कायदे होऊन जर्मन ज्यूंचें नागरिकत्व गेलें. १९३८ च्या डिसेंबरांत हिमलरच्या हुकुमानें ज्यूंचे मोटार चालविण्याचे परवाने रद्द झाले व त्यांना मोटार बाळगण्याचीही बंदी झाली. त्यांच्या गाड्या कवडीमोलानें विकल्या गेल्या किंवा सरळ हिरावून घेतल्या गेल्या. या गोष्टीचा प्रिम यांच्या गाडीशीं प्रत्यक्ष संबंध नाहीं, पण ती मला येथें सांगितलीच पाहिजे. कारण पुढें 'आमची गाडी लुटली' हें वाक्य जेव्हां ऐकूं येईल, तेव्हां तें त्या देशांत प्रथम कोणाच्या तोंडून निघावयास हवें होतें याची आठवण असावी.

युद्ध सुरू होतांच खाजगी गाड्या चालविण्यास खास परवानगी लागूं लागली. पेट्रोल लष्कराकडे गेलें. बहुतेक मोटारी ताडपत्रीखालीं उभ्या राहिल्या. १९४४ च्या सप्टेंबरांत अमेरिकन फौजा श्टोलबर्गच्या परिसरांत आल्या. कित्येक आठवडे आघाडीची रेषा त्या गांवांतूनच जात होती. २१ ऑक्टोबर रोजीं आखेन पडलें. दोस्तांच्या हातीं आलेलें तें पहिलें मोठें जर्मन शहर. पुढल्या वर्षीं जर्मनी शरण आली, आणि त्या १९४५ सालांतच प्रिम यांची गाडी अमेरिकन शिपायांनीं नेली.

जेत्या सैन्याच्या शिपायास काय नेतां येतें? शत्रूच्या सैन्याच्या वस्तु, उदाहरणार्थ टोप, पट्टा, झेंडा, ह्या आठवण म्हणून नेण्यास अमेरिकन लष्कराची कांहीं अटींवर मुभा होती. शत्रूच्या सरकारच्या मालमत्तेची गोष्टही वेगळी. लाउफेन येथें एका अमेरिकन सार्जंटास आगगाडीच्या वाघिणीवर एक अजस्र मर्सिडीझ '७७०' सांपडली. ती कित्येक वर्षें ग्योरिंगची म्हणून दाखविली गेली, आणि पुढें ऑटावा येथील युद्ध-संग्रहालयांत कागद तपासल्यावर ती हिटलरच्या ताफ्यांतली असल्याचें ठरलें. (अमेरिकेंत गेलेल्या प्रत्येक जुन्या मर्सिडीझला एखादा नात्झी मालक चिकटविण्याची हौस फार, त्यानें किंमत वाढते, ही त्या हौसेमागची गोष्ट मोठी ओंगळ आहे.) ती राज्याची गाडी होती, तिच्यावर जेत्याचा हक्क पोंचतो. खाजगी माणसाच्या गाडीचें तसें नाहीं. १९०७ च्या हेग येथील करारास अमेरिका व जर्मनी दोघेही बांधलेले होते. त्याचें ४६ वें कलम खाजगी मालमत्ता सरकारजमा करण्यास मनाई करतें, ४७ वें लुटीस मनाई करतें. ५३ वें कलम तर या प्रसंगासाठींच लिहिल्यासारखें आहे : माणसें किंवा माल वाहून नेण्याचीं साधनें, तीं खाजगी असलीं तरी, सैन्यास ताब्यांत घेतां येतात, परंतु तह झाल्यावर तीं परत केलीं पाहिजेत आणि नुकसानभरपाई ठरविली पाहिजे. लष्करी कामासाठीं घेतली म्हणावी तरी परत करावयाची, आणि हौसेनें घेतली म्हणावी तर ती चोरीच. तिसरी वाट नाहीं.

येथें शिवकालाची आठवण होते. महाराजांच्या फौजेचा शिरस्ता सभासदानें आपल्या बखरींत दिला आहे : मुलूखगिरीहून परत येतांना लष्कराची झडती व्हावयाची, नेतांना काय होतें व आणलें काय याचा ताळा घ्यावयाचा, आणि अधिक निघेल तें सरकारांत जमा करून शिपायाच्या पगारांतून वजा घालावयाचें. लूट असेल, पण ती शिपायाची नव्हे. १९४५ च्या अमेरिकन लष्करांत नियम होते, पण छावणीच्या दारांत असा झडतीवाला उभा नव्हता. क्वेडलिनबुर्ग येथील देवळांतील मध्ययुगीन रत्नजडित वस्तु एका अमेरिकन लेफ्टनंटानें टपालानें टेक्सासमध्यें आपल्या घरीं धाडल्या आणि त्या परत येण्यास १९९० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. क्रोनबेर्गच्या वाड्यांतून हेसे घराण्याचें जवाहीर पळविणाऱ्या अधिकाऱ्यांवर मात्र लष्करी न्यायालयांत खटले झाले व त्यांस शिक्षाही झाल्या, हें न्यायाच्या दृष्टीनें सांगितलें पाहिजे.

समुद्रापलीकडे गेल्यावर प्रिम यांची गाडी एका हातांतून दुसऱ्या हातीं गेली आणि अखेर कॅलिफोर्नियांतील एका ख्यातनाम संग्रहांत स्थिरावली. तेथें तिची उत्तम बडदास्त राहिली. प्रथमच्या काळांत तिला फारशी किंमतही नसेल. चाळीस-पन्नास सालांत असल्या गाड्या म्हणजे पेट्रोल खाणारी जुनी अडगळ होती, आणि किती तरी गाड्या मोडीच्या भावानें गेल्या. हीच गाडी मोडींत गेली असती तर दावा झाला नसता, वकील उभे राहिले नसते आणि हा लेखही झाला नसता. ज्यांनीं ती जपली त्यांनींच तिची किंमत वाढविली, आणि वाढलेल्या किंमतीनेंच मूळच्या मालकाची स्मृति जागी केली. जपणारांच्या बाजूनें बोलावयाचें तर एवढें निश्चित बोलतां येईल.

परंतु कायदा या बाबतींत बराच कठोर आहे. जर्मन दिवाणी संहितेच्या ९३५ व्या कलमान्वयें मालकापासून चोरलेली, हरवलेली किंवा अन्य रीतीनें त्याच्या इच्छेविरुद्ध गेलेली वस्तु घेणारा कितीही प्रामाणिक असला तरी केवळ त्या खरेदीनें मालक होत नाहीं. अमेरिकन कायद्याचें मूळही तेंच : चोरापाशीं मालकीच नाहीं, तर तो ती दुसऱ्यास देणार कोठून? हिंदुस्थानांत १९३० सालीं झालेल्या मालविक्रीच्या कायद्याचें २७ वें कलमही सामान्यतः हेंच सांगतें. इंग्लंडांत उघड्या बाजारांत, दिवसाढवळ्या घेतलेल्या मालास एक जुनी सवलत होती, तीही १९९४ च्या कायद्यानें काढून टाकण्यांत आली. न्यायालयांसमोर याच जातीचें एक प्रसिद्ध प्रकरण आलें होतें. द्यूररनें १४९९ मध्यें रंगविलेलीं टूखर दांपत्याचीं दोन चित्रें वायमारच्या संग्रहालयानें युद्धांत श्वार्त्झबुर्गच्या वाड्यांत ठेविलीं होतीं. १९४५ मध्यें तीं तेथून नाहींशीं झालीं. पुढच्या वर्षीं ब्रुकलिनमधील एका वकिलानें तीं सैन्यांतून परत आलेल्या एका तरुणाकडून ४५० डॉलरांस घेतलीं, घरांत टांगलीं, आणि १९६६ पर्यंत आपण काय टांगलें आहे हें त्याला कळलेंही नाहीं. १९८२ मध्यें अमेरिकन अपील न्यायालयानें तीं चित्रें वायमारला परत देवविलीं. वकिलाची सचोटी कोणीं नाकारली नव्हती.

हें सर्व वाचीत असतां मला वारंवार आपल्या धर्मशास्त्राची आठवण झाली. मनूनें जीं अठरा व्यवहारपदें सांगितलीं त्यांतील तिसरेंच पद 'अस्वामिविक्रय' हें आहे. म्हणजे मालक नसलेल्यानें केलेली विक्री. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडांत याचा साक्षेपी विचार आहे. ज्याची वस्तु नष्ट झाली तो 'नाष्टिक', आणि ज्यानें ती विकली तो 'मूल'. खरेदीदारानें आपलें मूल दाखवून द्यावें. तें दाखविलें कीं तो शुद्ध. मग याज्ञवल्क्याची व्यवस्था अशी : मालकास वस्तु मिळावी, राजास दंड मिळावा आणि खरेदीदारास विकणाऱ्याकडून आपलें मोल परत मिळावें. एकांतांत, अवेळीं, अति स्वस्त किंवा ज्याच्यापाशीं तशी वस्तु असण्याचा संभव नाहीं अशाकडून जो घेतो तो मात्र चोराच्याच पंक्तीला. ब्रुकलिनच्या साडेचारशें डॉलरांच्या सौद्यास या कसोट्या लावून पाहाव्या! आणि मूल सांपडेनासें झालें, पण खरेदी उघड बाजारांत झालेली असली, तर? मनु म्हणतो, खरेदीदारास दंड नाहीं, पण धन नाष्टिकाचेंच. बृहस्पतीनें त्याहून मृदु मार्ग सांगितला आहे : मालकानें अर्धें मोल द्यावें व वस्तु न्यावी, दोघांचाही दोष थोडाथोडा, एकानें राखण नीट केली नाहीं, दुसऱ्यानें चौकशी नीट केली नाहीं, म्हणून हानि निमेनीम. मॉंटरेच्या लिलावांत हात वर करणाऱ्या माणसास बृहस्पतीचा न्याय निश्चितच आवडला असता. मलाही तो अधिक शहाणपणाचा वाटतो.

अशा वादांतील खरी अडचण काळाची असते. सदुसष्ट वर्षें म्हणजे दोन पिढ्यांहून अधिक. मालक मेला, नेणारे मेले, साक्षी मेले. इतक्या काळानंतर जुनें उकरूं नये असें व्यवहारी माणूस म्हणेल, आणि जगांतील बहुतेक कायदे कोठें ना कोठें मुदतीची रेघ ओढतातच. जर्मन कायद्यांतही वस्तु परत मागण्यास तीस वर्षांची मर्यादा सांगितलेली आहे. मात्र परदेशांतल्या ताब्याचा काळ कसा मोजावा यावर वकिलांचीं डोकीं चालतात. याज्ञवल्क्यानें जंगम धनासाठीं दहा वर्षांची मुदत घातली, पण ती घालतांना दोन शब्द फार जपून योजिले आहेत : मालक पाहत असून बोलला नाहीं, तर. डोळ्यांआड गेलेल्या वस्तूविषयीं तो गप्प बसला असें कसें म्हणावें? शिवाय मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें तर असें प्रतिपादिलें आहे कीं, त्या वचनांतील हानि ही वस्तूच्या फळाची आहे, खुद्द वस्तूच्या स्वामित्वाची नव्हे. नुसत्या भोगानें पराव्याचें आपलें होत नाहीं. बाराव्या शतकांतील कल्याणीचा हा पंडित २०१२ च्या एसेन येथें वारसांच्या बाजूनें उभा राहिला असता, यांत मला शंका वाटत नाहीं.

परंतु न्यायाच्या या तराजूंत दुसरें एक वजन आहे, तें उचलून बाजूला ठेवतां येत नाहीं. ज्या अमेरिकन शिपायांनीं गाडी नेली, त्याच अमेरिकेच्या लष्करी सरकारनें १० नोव्हेंबर १९४७ रोजीं ५९ क्रमांकाचा कायदा करून, १९३३ ते १९४५ या काळांत वंश, धर्म वा मत यांमुळें ज्यांची मालमत्ता हिरावली गेली त्यांना ती परत देण्याची सोय केली, आणि प्रामाणिक खरेदीदाराचा बचाव तेथेंही मुख्यत्वें अमान्य केला. मात्र अर्ज करण्यास मुदत दिली १९४८ च्या अखेरपर्यंतची, म्हणजे जेमतेम तेरा महिने. जे छळछावणींतून वांचले ते जगभर पांगले होते. कित्येक घरांत अर्ज करावयास कोणी उरलेंच नव्हतें. घरें, कारखाने, चित्रें यांचे तरी कागद होते. मोटारी मात्र सक्तीनें विकल्या गेल्या, रंग बदलून, क्रमांक बदलून, लष्कराच्या दिमतीस गेल्या आणि रशियाच्या चिखलांत रुतल्या. प्रिम यांच्या वारसांचा हक्क मला खरा वाटतो. पण तो इतक्या वर्षांनीं सिद्ध होऊं शकला याचें एक कारण असें कीं, घराणें जागच्या जागीं होतें, नांव होतें, कारखाना होता, दप्तर होतें. ज्यांचें दप्तरही जळालें त्यांच्या वतीनें एसेनच्या प्रदर्शनांत कोण येणार?

लिलाववाल्यांनीं मात्र या खटल्याचा धडा बरोबर घेतला आहे. आतां जुन्या जर्मन गाडीच्या सूचीपत्रांत १९३९ ते १९५० या वर्षांतील मालकांची विचारपूस खरेदीदार आधीं करतो, एंजिनाची नंतर. आणि ज्या गाडीचे त्या काळचे कागद तुटलेले आहेत ती जर्मनीच्या हद्दींत नेण्यापूर्वीं वकिलाचा सल्ला घेतो. कॅलिफोर्नियांत जी गाडी वर्षानुवर्षें निर्धास्त उभी होती, तीच ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यांत आणल्याबरोबर जप्त झाली. वस्तु तीच, हक्क तोच. पाय टेकण्याची भूमि तेवढी बदलली.

गाडी प्रिम यांच्या वारसांच्या हातीं आली. घराण्याची गेलेली वस्तु परत आली म्हणजे ती आतां घरींच राहील, दिवाणखान्याबाहेरच्या पागेंत आजोबांची गाडी म्हणून नातवंडें ती पुसतील, असें एखाद्या कादंबरीकारानें लिहिलें असतें. ३ सप्टेंबर २०१६ रोजीं फ्रान्समधील शांतीयी येथें बॉनहॅम्स या इंग्रजी पेढीनें ती लिलावास काढली. या वेळीं कागद चोख होते. किंमत पन्नास लक्ष युरोंच्या पुढें गेली, हातोडा पडला, आणि गाडी पुन्हां नव्या मालकाकडे गेली.